रिफर्बिश्ड थिंकपॅड टी14 आणि रोजचं कोडिंग: वापरानंतरचा अनुभव

लेनोवोच्या थिंकपॅड टी14 चं पहिलं एएमडी मॉडेल 2020 सालचं आहे. आत रायझन 5 प्रो 4650यू, म्हणजे 6 कोर आणि 12 थ्रेड. कंपन्यांनी भाडेकरारावर घेतलेली ही यंत्रं मुदत संपली की रिफर्बिश्ड (तपासून, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेली) म्हणून बाजारात येतात. वेब बॅकएंडचं काम (टाइपस्क्रिप्ट, पायथन, पोस्टग्रेस डेटाबेस, चार-पाच डॉकर कंटेनर, म्हणजे प्रोग्राम एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवणारे डबे) काही महिने रोज यावर केल्यानंतर मत पक्कं झालं आहे. प्रोग्रामरने पैसे आधी मेमरीत (रॅममध्ये) घालावेत, मग स्क्रीनमध्ये, मग कीबोर्डमध्ये. प्रोसेसरची पिढी सगळ्यात शेवटी बघावी.

कारण साधं आहे. कोड लिहिताना प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो. मेमरी मात्र सकाळपासून भरत जाते आणि एकदा भरली की यंत्र डिस्कवर स्वॅप करायला, म्हणजे मेमरीतलं सामान डिस्कवर हलवायला लागतं. मग एडिटरमध्ये अक्षर टाइप केल्यावर दिसायलाच वेळ लागतो. मेमरी खाणारी मंडळी ठरलेली आहेत. व्हीएस कोड एडिटरमधला टाइपस्क्रिप्ट सर्व्हर (कोड समजून घेऊन सूचना देणारा भाग) मोठ्या प्रोजेक्टमध्ये सहज दीड-दोन जीबी घेतो. त्याची ठरलेली मर्यादाच 3072 एमबी आहे. दुसऱ्या प्रोजेक्टची खिडकी उघडली की तिथे दुसरा सर्व्हर सुरू होतो. त्यावर ब्राउझर, डेटाबेस, व्हिडिओ मीटिंग. 8 जीबीत हे मावत नाही. 16 जीबीत मावतं, पण एखादा मोठा बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्राम बनवणं) लावला की काठावर येतं. 32 जीबी झाली की मेमरीचा विचारच मनातून जातो, आणि हा फरक कुठल्याही नव्या प्रोसेसरपेक्षा जास्त जाणवतो.

या मॉडेलमध्ये 8 किंवा 16 जीबी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि सोबत एक मोकळा स्लॉट मिळतो, डीडीआर4-3200 सोडिम काडीचा (लॅपटॉपची सुटी मेमरी). म्हणून घेताना सोल्डर केलेली मेमरी किती आहे ते आधी विचारावं, कारण ती नंतर बदलता येत नाही. 16 जीबी सोल्डर केलेलं यंत्र मिळालं तर त्यात 16 ची काडी घालावी, म्हणजे पूर्ण 32 जीबी ड्युअल चॅनलमध्ये (एकाच वेळी दोन मार्गांनी) चालते. 8 वाल्यात 16 ची काडी घातली तर 24 जीबी होते, पण ड्युअल चॅनल पहिल्या 16 जीबीपुरतंच मिळतं. कोडिंगला याचा फारसा फरक पडत नाही. ग्राफिक्स मात्र याच मेमरीवर चालतात, त्यामुळे 4के मॉनिटर जोडणाऱ्याने समसमान जोडीचाच आग्रह धरावा.

काडी बसवण्याचं काम वीस मिनिटांचं आहे, फक्त क्रम चुकवू नये. आधी बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ‘कॉन्फिग’, मग ‘पॉवर’ आणि तिथे आतली बॅटरी बंद करण्याचा पर्याय निवडावा; यंत्र आपोआप बंद होतं. बॅटरी आतच असल्यामुळे नुसता चार्जर काढून भागत नाही, बोर्डवर वीज राहतेच. मग खालच्या झाकणाचे स्क्रू ढिले करावेत. ते झाकणातच अडकून राहतात, ओढून काढायचे नाहीत. कड उचकटायला प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड वापरावं. पातळ स्क्रूड्रायव्हर घातला तर खाचा तुटतात. काडी साधारण 30 अंशांत तिरकी धरून पूर्ण आत सरकवावी. सोनेरी पट्टी जेमतेम दिसेनाशी झाली की मगच खाली दाबावी आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन बसल्या का ते पाहावं. बंद केलेली बॅटरी पुन्हा जागी व्हायला चार्जर जोडावा लागतो. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन थोडा वेळ काळीच राहते, कारण यंत्र नव्या मेमरीची जुळणी करत असतं. इथे घाबरून पॉवर बटण दाबून धरू नये. नंतर मेमटेस्ट या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामची एक पूर्ण फेरी चालवावी. खराब काडीची लक्षणं फार फसवी असतात, बिल्ड मधूनच वेगळ्याच ठिकाणी कोसळतो आणि माणूस कंपायलरला दोष देत बसतो.

स्क्रीन ही या यंत्राची खरी कमजोर बाजू. याच नावाखाली 250, 300 आणि 400 निट्सचे (निट म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) वेगवेगळे पॅनल आले. 250 वाला फिकट आहे; खिडकीजवळ दुपारी बसलं की डार्क थीममधल्या कॉमेंट वाचवत नाहीत. विक्रेत्याकडून पॅनलचा प्रकार लेखी घ्यावा. दुसरी गोष्ट उंचीची. इथे 1920 गुणिले 1080, म्हणजे 16:9. 2022 च्या तिसऱ्या पिढीपासून टी14 ला 1920 गुणिले 1200 चा 16:10 पडदा आला. वाढलेले 120 पिक्सेल म्हणजे कोडच्या साधारण सहा ओळी. कागदावर किरकोळ वाटतं, पण खाली टर्मिनल उघडं ठेवून काम करताना त्याच सहा ओळी हव्या असतात. बाहेरचा मॉनिटर जोडायचा असेल तर 27 इंची 1440पी घ्यावा, त्यावर स्केलिंग न लावता अक्षर वाचता येतं.

कीबोर्डबद्दल तक्रार नाही. डाव्या कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन आहे, ती अदलाबदल बायोसमध्ये करता येते. कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाकावं, करंगळीचा ताण कमी होतो.

बॅटरी नवी असताना 50 वॅट-अवरची. जुन्या यंत्रात ती किती उरली आहे हे पैसे देण्याआधी बघावं: विंडोजचा बॅटरी रिपोर्ट मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी दाखवतो. 80 टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून घ्यावेत. त्याच वेळी बायोसला सुपरवायझर पासवर्ड आहे का तेही तपासावं. थिंकपॅडमध्ये तो विसरला तर कंपनीचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणं हाच आहे, म्हणजे असं यंत्र फुकट मिळालं तरी घेऊ नये. दिवसभर चार्जरवर काम असेल तर लिनक्सवर टीएलपी या वीज सांभाळणाऱ्या साधनाने चार्जिंग 75 टक्क्यांना सुरू आणि 80 ला बंद असं बांधून ठेवावं. टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डीमन (तशाच कामाची दुसरी सेवा) एकत्र चालवू नयेत, दोघं एकमेकांच्या सेटिंग पुसतात.

लिनक्स घालणाऱ्यांनी बायोसमधली ‘स्लीप स्टेट’ लिनक्सवर न्यावी. तसं केलं की झाकण मिटल्यावर यंत्र खरंखुरं झोपतं. विंडोजही त्याच डिस्कवर ठेवायचं असेल तर मात्र ही सेटिंग त्याला मानवत नाही, त्यामुळे एकाच प्रणालीवर राहणं बरं.

आता साधनांकडे. एडिटर व्हीएस कोड असो की निओव्हिम, आतलं इंजिन आता एकच आहे. 2016 साली लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि भाषा समजणारा सर्व्हर यांच्यातली बोलण्याची ठरलेली पद्धत) जाहीर झाला, निओव्हिमने 2021 च्या 0.5 आवृत्तीत तो आतच घेतला. त्यामुळे निओव्हिम हलका म्हणून घेतला तरी टाइपस्क्रिप्ट सर्व्हरची मेमरी तिथेही तेवढीच जाते. वाचते ती इलेक्ट्रॉनची, म्हणजे व्हीएस कोड ज्या ब्राउझरसारख्या ढाच्यावर चालतो त्याची. 8 जीबीवर अडकलेल्यांना ती बचतही मोलाची आहे.

लिनक्सवर दोन चुका हमखास भेटतात आणि दोन्हींचा संदेश दिशाभूल करतो. मोठा प्रोजेक्ट उघडल्यावर ‘डिव्हाइसवर जागा नाही’ असं येतं, पण डिस्क रिकामी असते. खरं तर संपलेली असते ती आयनोटिफायची वॉच मर्यादा, म्हणजे किती फाइलींवर नजर ठेवायची याचा आकडा. जुन्या कर्नलवर तो 8192 असायचा, 5.11 पासून तो मेमरीच्या प्रमाणात ठरतो. 524288 केला की प्रश्न मिटतो. प्रत्येक वॉच 1080 बाइट खाते, म्हणजे सगळ्या वापरल्या तरी 540 एमबीच्या आसपास. दुसरी चूक ‘फार फाइली उघड्या आहेत’ अशी. बरेच कंटेनर आणि प्रत्येकात फाइल बदलली की रिस्टार्ट होणारा सर्व्हर असला की ही येते. इथे लोक उघड्या फाइलींची मर्यादा वाढवत बसतात आणि काही होत नाही, कारण अडलेलं असतं आयनोटिफाय इन्स्टन्सवर (फाइलींवर नजर ठेवण्यासाठी प्रोग्रामने उघडलेली जोडणी), जे एका युजरला मुळात 128 च मिळतात. 512 करावेत.

डॉकरने 256 जीबीची एसएसडी भरते याचं कारण बऱ्याचदा इमेज नसून लॉग (प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदी) असतात. त्याचा मूळ लॉग ड्रायव्हर फाइल कितीही वाढू देतो. कॉन्फिगमध्ये एका फाइलला 10 एमबी आणि जास्तीत जास्त 3 फाइली अशी मर्यादा घालावी. ती नव्याने बनवलेल्या कंटेनरलाच लागू होते, जुने काढून पुन्हा बनवावे लागतात.

विंडोजवरच राहायचं असेल तर डब्ल्यूएसएल 2 (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) चांगलं आहे, एका अटीवर: कोड लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच हवा. सी ड्राइव्हवर ठेवला तर प्रत्येक फाइल 9पी या फाइली पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलमधून जाते, आणि हजारो बारीक फाइलींचं पॅकेज इन्स्टॉल करताना जीव जातो. शिवाय डब्ल्यूएसएल निम्म्या मेमरीपर्यंत हात पसरतं, त्याची मर्यादा आपण ठरवून द्यावी.

मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे भाषांतराच्या फाइली किंवा मराठी डेटा हाताळणाऱ्यांसाठी, व्हीएस कोड निर्विवाद सरस आहे. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरलेल्या रुंदीचा चौकोन देतं, त्यामुळे बऱ्याच टर्मिनलमध्ये ‘क्ष’ किंवा ‘र्‍या’ फुटतात, कर्सर भलतीकडे उभा राहतो, आणि त्यात चालणाऱ्या निओव्हिमलाही तोच त्रास. व्हीएस कोडच्या एडिटरमध्ये जोडाक्षरं नीट दिसतात. कोडिंगच्या फॉन्टमध्ये देवनागरी बहुधा नसतेच, म्हणून फॉन्टच्या यादीत इंग्रजीच्या फॉन्टमागे नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट लिहावा. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट ठेवावी, नाहीतर वेलांट्यांचे माथे छाटले जातात.

आयफोनचं अ‍ॅप करणाऱ्यांना मॅकशिवाय पर्याय नाही, त्यासाठी लागणारं एक्सकोड दुसरीकडे चालत नाही. कूडावर (एनव्हिडियाच्या कार्डांवर हिशेब चालवणारी प्रणाली) मॉडेल ट्रेन करणाऱ्यांना एनव्हिडियाचं कार्ड लागतं, ते यात नाही. अँड्रॉइड स्टुडिओ आणि एमुलेटर 32 जीबीवर चालतात, पण ग्रेडल या बिल्डच्या साधनाचा पहिला बिल्ड संथ जातो. बजेट जास्त असेल तर 2024 ची पाचवी पिढी बघावी: त्यात 16:10 पडदा आहे आणि मेमरीचे दोन्ही स्लॉट मोकळे, काहीच सोल्डर केलेलं नाही.