चांदण्यात फिल्टर लावायचा की अमावस्येला गावाबाहेर जायचं?

मित्राने विचारलं, पुण्यात गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा लावून आकाशाचे फोटो काढतो, ड्युअल नॅरोबँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत घेणारा) घेऊ की अमावस्येला भोर-वेल्ह्याकडे गाडी काढू?

आधी खर्च. फिल्टर स्वस्तातला घेतला तरी दहा हजारांच्या आसपास जातातच, पण एकदाच. गाडीला दरवेळी पेट्रोल आणि दुसऱ्या दिवशीची झोप.

खरी गोम टार्गेटमध्ये आहे. हा फिल्टर हायड्रोजनचा लाल, ६५६ आणि ऑक्सिजनचा निळा-हिरवा, ५०१ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश आत सोडतो, बाकी बहुतेक अडवतो, म्हणून रोझेटसारखा वायूचा तेजोमेघ पौर्णिमेच्या आसपासही निघतो. पण देवयानी दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा सगळ्या रंगांचा प्रकाश, तिथे फिल्टर चंद्राबरोबर तिलाही कापतो, उपयोग शून्य! आणि चंद्राचा त्रास ऑक्सिजनला जास्त, मी एकदा डिसेंबरच्या पौर्णिमेला रोझेट घ्यायला बसलो, चंद्र नेमका मृगाच्या डोक्यावर, लाल ठीक आलं पण निळं-हिरवं नुसतं पिठूळ, तेव्हापासून चंद्र टार्गेटपासून निदान ६० अंश लांब असेल तरच सुरू करतो.

अजून एक, साधा डीएसएलआर मॉडिफाय केलेला नसेल तर त्याचा आतला फिल्टरच हायड्रोजनचा लाल बराचसा खातो, मग हे पैसे अर्धे वायाच.

मेहनतीचं सांगायलाच नको, माउंट (दुर्बिणीचा स्टँड), बॅटरी, दव, सगळं गाडीत कोंबायचं आणि ऐनवेळी ढग!

गच्ची, कलर अ‍ॅस्ट्रो कॅमेरा किंवा मॉडिफाइड डीएसएलआर आणि तेजोमेघांचा नाद असेल तर फिल्टर घे. दीर्घिका, तारकागुच्छ किंवा साधा डीएसएलआर असेल तर पेट्रोल भर.