डीडीआर५-६००० रॅम आणि एक्स्पो प्रोफाइल: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि सोळा-सोळा जीबीच्या दोन रॅम-स्टिक अशी जुळणी मी काही महिन्यांपासून रोजच्या कामासाठी वापरत आहे. रॅमच्या खोक्यावर ६००० हा वेगाचा आकडा (सेकंदाला दशलक्ष हस्तांतरणे) ठळक छापलेला असतो आणि आपण पैसेही त्याच वेगाचे मोजतो. परंतु बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅममध्येच साठवलेले जाहीर वेगाचे तयार सेटिंग, सुरू करेपर्यंत माझी रॅम ४८०० वर आणि १.१ व्होल्टवरच चालत होती. प्रोफाइल सुरू केल्यावर वेग ६०००, सीएल (माहिती मागितल्यापासून ती मिळेपर्यंत जाणारी घड्याळ-आवर्तने) ३० आणि व्होल्टेज १.३५ झाले. रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकसाठी एएमडीने जाहीर केलेला अधिकृत वेग मात्र ५२०० आहे. खोक्यावरचा आकडा रॅमची क्षमता सांगतो. प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर आणि मदरबोर्ड तो वेग पेलतील, याची हमी त्यात नसते. संगणक सुरू न होण्याच्या ज्या अडचणी मला आल्या, त्यांचे मूळ येथेच होते.

प्रोफाइल जतन केल्यानंतर पंखे फिरतात, पडदा काळाच राहतो आणि बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला राहतो. अशा वेळी पॉवरचे बटण दाबून धरण्याचा मोह आवरावा. त्या अवधीत बोर्ड रॅमकडे जाणाऱ्या सिग्नलच्या वेळा आणि व्होल्टेजच्या पातळ्या जुळवून पाहत असतो. यालाच मेमरी ट्रेनिंग म्हणतात आणि एएम५ (या रायझन प्रोसेसरचे सॉकेट) बोर्डांवर पहिल्या खेपेस त्याला काही मिनिटे लागू शकतात. मध्येच वीज तुटली तर सारे पहिल्यापासून सुरू होते. दहा-पंधरा मिनिटे यंत्राला हात लावू नये आणि वीज वारंवार जाणाऱ्या भागात हे काम यूपीएसवरच करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

खरी अडचण नंतर आली. काही आठवडे सुरळीत गेल्यावर सकाळी पहिल्यांदा सुरू करताना यंत्र अडकू लागले, आणि तेच यंत्र तापल्यावर रीस्टार्ट केले की विनातक्रार सुरू होई. ही खूण महत्त्वाची आहे, कारण पूर्ण निकामी झालेली स्टिक थंड-गरम पाहत नाही. काठावर चाललेले सेटिंग मात्र तापमानातील थोड्या फरकानेही ढळते. वीजपुरवठा काढून सीमॉस क्लिअर केल्यावर, म्हणजे बायोसची सेटिंग पुसून मूळ स्थितीत आणल्यावर, ४८०० वर यंत्र प्रत्येक वेळी सुरू झाले, त्यामुळे स्टिक किंवा पॉवर सप्लाय खराब असल्याचा संशय बराच कमी झाला. त्यानंतर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये एकेक स्टिक बसवून ६००० वर पाहिली. दोन्ही स्वतंत्रपणे चालल्या. दोन्ही एकत्र, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, ५६०० वर निर्दोष होत्या. ६००० वर अडत होत्या. दोष कोणत्याही एका सुट्या भागात नव्हता, हे येथे स्पष्ट झाले, आणि नवी रॅम विकत घेण्याचा खर्च टळला.

उपाय बायोसच्या नव्या आवृत्तीने झाला. एक्स्पो बंद ठेवून, मूळ वेगावर, यूपीएसच्या आधाराने ती चढवली आणि मगच प्रोफाइल पुन्हा सुरू केले. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाचे व्होल्टेज) वाढवत नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मला धोक्याचा वाटतो. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटनांनंतर एएमडीने या व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. त्याआधीचे बायोस असलेल्या बोर्डावर एक्स्पोला हातच लावू नये. माझ्याकडे १.२५ पुरेसे ठरले.

मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर हा पर्यायही समजून घ्यावा. तो ट्रेनिंगचे निष्कर्ष साठवून ठेवतो, त्यामुळे रोजची सुरुवात लवकर होते. परंतु त्याच्यासोबत पॉवर डाउन (रॅम रिकामी असताना तिची वीज वाचवणारा पर्याय) बंद असेल तर काही बोर्डांवर निळ्या पडद्याच्या तक्रारी येतात. मी दोन्ही एकत्र चालू ठेवले आहेत.

संगणक सुरू झाला म्हणजे सेटिंग स्थिर झाले, असे मुळीच नाही. प्रत्येक बदलानंतर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावा आणि एकही चूक आढळली तर ते सेटिंग सोडून द्यावे. चुकीचा बिट एखाद्या छायाचित्रात किंवा हिशेबाच्या फाइलमध्ये गुपचूप लिहिला गेला, तर तो महिनोन्‌महिने लक्षात येत नाही आणि बॅकअपमध्येही तसाच उतरतो.

६००० आणि सीएल ३० मिळून प्रतीक्षा १० नॅनोसेकंद होते. ५६०० वर तेच सीएल ठेवले तर सुमारे १०.७. लेखन, ब्राउझर, कोड अशा कामांत हा फरक मला जाणवला नाही, म्हणून कार्यालयीन वापराच्या यंत्रावर मी ५६०० वरच थांबेन. चौसष्ट जीबी हवी असल्यास बत्तीसच्या दोन स्टिक घ्याव्यात. कारण रायझन ७००० मालिकेत चार स्टिकसाठी अधिकृत वेग ३६०० पर्यंत खाली येतो.