कुडाळहून इंग्लंडला गेलेल्यांचं मॉडेल रेल्वेचं दुकान: काय मागवावं, काय मागवू नये

कुडाळकडचं एक जोडपं इंग्लंडला गेलं आणि घरातल्या मागच्या खोलीत मॉडेल रेल्वेच्या सामानाचं छोटं दुकान सुरू केलं. गिऱ्हाईक मुख्यतः इथलंच, चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतचं. दुकान घरगुती आहे, म्हणून नाव देत नाही. तीन ऑर्डरींचा माल उघडून, जोडून आणि एक अख्खा पावसाळा काढून हा अभिप्राय लिहिला आहे. निष्कर्ष आधीच सांगतो: रूळ, सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे), डिकोडर (कंट्रोलरच्या सूचना समजणारा इंजिनातला भाग) आणि कपलर (डबे जोडणारा हुक) यांच्याकडूनच घ्या. ‘सुरुवातीची पेटी’ म्हणून एकगठ्ठा सामान विकतात, ती मात्र आहे तशी घेऊ नका.

या दुकानाची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे ते माल विकायला नकारही देतात. ऑर्डरीत खडी, प्लायवूड, साधी वायर किंवा डोंगराचं सामान टाकलं, तर उलट निरोप येतो की हे तिकडेच घ्या. त्यामागचा हिशेब सरळ आहे. भारतात मॉडेल गाड्या खेळण्यांच्या ९५०३ या शीर्षकाखाली धरल्या जातात आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क ६० वरून ७० टक्के झालं. त्या शीर्षकाखाली पार्सल धरलं गेलं, तर १०० रुपयांचा माल जीएसटीच्या आधीच १७० ला पडतो, आणि शुल्क टपालखर्चासकट किमतीवर लागतं. किलोभर खडी तिकडून आणण्यात काय अर्थ आहे?

हिशेबाची बाजू या जोडप्यातल्या वहिनी सांभाळतात, आणि ती चोख आहे. ब्रिटनमध्ये वर्षाची उलाढाल ९०,००० पौंडांच्या आत असेल तर व्हॅट नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसली की घाऊक व्यापाऱ्याला दिलेला २० टक्के व्हॅट अंगावर बसतो आणि तो गिऱ्हाइकाच्या किमतीत मुरतो. यांनी आपणहून नोंदणी केली आहे. त्यामुळे तो व्हॅट परत मिळतो, आणि निर्यातीवर शून्य दर असल्याने आपल्या बिलातही तो येत नाही. परदेशात जाऊन असं दुकान काढायचं मनात असेल, तर ही गोष्ट पहिल्याच महिन्यात ठरवायला हवी. दुसरी गोष्ट व्हिसाची. विद्यार्थी व्हिसावर तिथे स्वतःचा धंदा करता येत नाही. कुशल कामगार म्हणून गेलेल्याच्या जोडीदाराला करता येतो. इथे दुकान वहिनींच्या नावावर आहे ते म्हणूनच.

आता मालाकडे वळू. रूळ पेकोचे, कोड १००, म्हणजे रुळाची उंची ०.१०० इंच (२.५४ मिमी). लवचीक रुळाचा तुकडा ९१४ मिमीचा, धातू निकेल सिल्व्हर. किनारपट्टीला हाच धातू हवा. खाऱ्या हवेत पोलादी रूळ गंजतात. पितळेवर बसणारा थर वीज अडवतो आणि इंजिन झटके खात चालतं. निकेल सिल्व्हरही काळवंडतं, पण ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने दोन हात मारले की साफ होतं. सँडपेपर अजिबात लावू नका. त्याने रुळावर बारीक चरे पडतात, त्यात मळ बसतो आणि पुढच्या वेळी तो निघत नाही.

पॅकिंग बघण्यासारखं आहे. बारा तुकडे दोन ॲल्युमिनियम पट्ट्यांमध्ये बांधलेले, दोन्ही टोकांना पुठ्ठ्याच्या टोप्या, आत सिलिका जेलच्या चार पुड्या, वरून सीलबंद प्लास्टिक. एकही तुकडा वाकलेला नव्हता. प्रत्येक सांध्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली, मराठीत, हाताने लिहिलेली: ‘मधला त्रिकोण जिवंत आहे. आतले दोन रूळ प्लास्टिकच्या जोडणीने तोडा.’ म्हणजे सांध्याच्या मधल्या त्रिकोणात वीज असते, म्हणून ते रूळ पुढच्या रुळांपासून विजेने वेगळे करायचे; जोडणी म्हणजे दोन रुळांची टोकं जोडणारी छोटी क्लिप. नेमकं हेच नवीन माणूस विसरतो आणि गाडी सांध्यावर आली की शॉर्ट होतो.

गेजबद्दल मात्र दुकानाने स्पष्ट लिहायला हवं होतं. एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. हे अंतर परदेशी १,४३५ मिमी गेजचं आहे. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिमी, म्हणजे १:८७ ला ती १९.३ मिमी भरते. तयार रुळांवर भारतीय गाडी चालवली की रूळ पावणेतीन मिमी अरुंद दिसतात. चालायला काही अडत नाही, समोरून बघताना तेवढं खटकतं. जगभरचं तयार सामान १६.५ चंच असल्याने सुरुवात करणाऱ्याने ही तडजोड पत्करावी हे आमचं मत, पण पैसे भरण्याआधी त्याला ते माहीत असावं.

वळणांचंही तसंच. यादीत दुसऱ्या क्रमांकाचं वळण (त्रिज्या ४३८ मिमी) सगळ्यात वर आहे. त्यावर बॉक्सएन वाघिणींची मालगाडी सुरेख जाते, कारण बॉक्सएन कपलरसकट १०.७ मीटरची, म्हणजे मॉडेलमध्ये १२३ मिमी. पण एलएचबी या लांब प्रवासी डब्याचं मॉडेल २७ सेंटिमीटरच्या घरात जातं. असे डबे या वळणावर एकमेकांना घासतात, कपलर बाजूला ओढला जातो आणि आतल्या बाजूला डबा कलंडतो. त्रिज्या डब्याच्या लांबीच्या किमान अडीच पट धरा, म्हणजे ६७५ मिमी. आठ बाय चारच्या एका प्लायवर ती मावत नाही. म्हणून एका प्लायवर मालगाडी चालवा. तेजस किंवा मांडवी चालवायची असेल तर दोन प्लाय जोडा.

पेटीतली खरी उणीव जोडण्यांची आहे. पेटीत १२ लवचीक तुकडे, ४ सांधे आणि २४ धातूच्या जोडण्या मिळतात. तुकड्यांची टोकं २४, सांध्यांची १२, एकूण ३६. दोन सायडिंगांची शेवटची टोकं मोकळी सोडली तर ३४ टोकं, म्हणजे १७ जोड आणि ३४ जोडण्या. त्यातल्या ८ प्लास्टिकच्या लागतात, प्रत्येक सांध्याला दोन, आणि त्या पेटीत एकही नाही. काही जोडण्या बसवताना सैल पडतातच. तेव्हा वेगळ्या ३६ धातूच्या आणि १२ प्लास्टिकच्या मागवा.

सांधे फिरवायला सोलेनॉइड मोटर देतात, पण तिला लागणारं कपॅसिटर डिस्चार्ज युनिट देत नाहीत. या मोटरला क्षणभराचा जोरदार झटका हवा असतो. बटण दोन-तीन सेकंद दाबून राहिलं की गुंडाळी तापते आणि जळते. युनिट असलं की एकदा झटका देऊन ते रिकामं होतं, बटण दाबून धरलं तरी मोटर वाचते. ते पेटीतच असायला हवं. शिवाय ॲडॉप्टरला ब्रिटिश तीन चौकोनी पिनांची प्लग येते. व्होल्टेज दोन्हीकडे २३० च आहे, फक्त प्लग बदलावी लागते. जळलेला भाग परत पाठवणं परवडत नाही, त्यामुळे वॉरंटी कागदावरच राहते.

वायर इथलीच घ्या. प्लायखालून २.५ चौरस मिमीची घरगुती तांब्याची वायर मुख्य म्हणून फिरवा आणि प्रत्येक तुकड्याला बारीक वायरीने वेगळा डाख द्या. जोडण्यांच्या भरवशावर वीज सोडू नका, दमट हवेत पहिली तीच दगा देते. डीसीसी (रुळांतूनच इंजिनाला सूचना देणारी डिजिटल यंत्रणा) चालू करून मांडणीच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात दोन्ही रुळांवर एक रुपयाचं नाणं आडवं ठेवा. नाणं १६.५ मिमीपेक्षा मोठं, बरोबर बसतं. कंट्रोलरने लगेच वीज तोडली तर वायरिंग पुरेसं आहे. तोडली नाही तर नाणं लगेच उचला आणि डाख वाढवा.

खडीबद्दल दुकानाचा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. खऱ्या रुळांखालची खडी २० ते ६५ मिमीची असते, १:८७ ला ती पाव ते पाऊण मिमी होते. काळ्या दगडाची क्रशरवरची भुकटी दोन चाळण्यांतून काढली की हवा तसा दाणा मिळतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी रेती दिसायला अगदी जुळते, पण ती नको. तिच्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे कण असतात, ते मोटरच्या चुंबकाला चिकटून दातेऱ्यांत शिरतात. कोणतीही भुकटी आधी कागदावर पसरा, कागदाखालून चुंबक फिरवा आणि दाणे हलले तर ती टाकून द्या. जांभ्याची भुकटी कटिंगच्या उताराला लावा, तिथे तोच रंग खरा आहे. पण तिलाही ही परीक्षा हवीच.

खडी चिकटवायला फेव्हिकॉल एक भाग, पाणी तीन भाग आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. हे काम नोव्हेंबर ते मे या काळात करा. जुलैत ते चार दिवस ओलंच राहतं आणि त्यावर बुरशी धरते. प्लाय आयएस ७१० मरीन, १२ मिमी. दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना वार्निशचे दोन हात. कड उघडी राहिली की पावसाळ्यात प्लाय फुगतो, जोड सरकतो, आणि मे महिन्यात सरळ असलेला रूळ ऑगस्टमध्ये नागमोडी दिसतो.

कोकण रेल्वेवरचा, रत्नागिरीजवळच्या पानवलचा पूल करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी: तो ६४ मीटर उंच आहे, म्हणजे १:८७ ला साडेत्र्याहत्तर सेंटिमीटर, आणि ४२४ मीटर लांबीचे ४.८७ मीटर होतात. दुकान त्यासाठी तयार खांब विकत नाही. विचारलं तर दोन खांबांमधलं अंतर काढून आराखडा पाठवतात, तोही फुकट.

ऑर्डर फेब्रुवारीच्या आत द्या. कुरिअरने आलं तर केवायसीसाठी आधार किंवा पॅन मागतात, ते तयार ठेवा, नाहीतर पार्सल अडकून पडतं. माल आला की रूळ सपाट ठेवा. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर नको, तिथल्या उन्हाने स्लीपर वाकतात.