थंड दाढीचे क्रीम: गारवा किती आणि फेस किती टिकतो

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघून गेली की इंदुरातली हवा पंधरवड्याच्या आत कोरडी होते आणि ब्रशने फेस करून दुधारी पात्याच्या रेझरने दाढी करणाऱ्यांना मेंथॉल घातलेल्या थंड क्रीमची आठवण येऊ लागते. या वर्षी दोघा-तिघा ओळखीच्यांनी मला एकच प्रश्न विचारला: किराणा दुकानात सहज मिळणारी आपल्याकडची ‘कूल’ ट्यूब घ्यावी, की पैसे मोजून बाहेरून येणारे, हिरव्या ट्यूबमधले प्रोरासो हे इटालियन क्रीम मागवावे? मी हे दोन्ही प्रकार सलग चार उन्हाळे वापरले आहेत, आणि मध्यंतरी साध्या क्रीममध्ये घरच्या घरी पुदिन्याचे फूल, म्हणजे मेंथॉलचे खडे, मिसळण्याचा तिसरा उद्योगही करून पाहिला आहे. त्यामुळे उत्तर द्यायला हरकत नाही. मात्र ते माझ्या गालांचे, माझ्या पाण्याचे आणि माझ्या घाईचे उत्तर आहे, हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडच्या ज्या दोन ट्यूबा मी वापरल्या त्यांची नावे घेत नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर त्या कदाचित चांगल्या वागतील, आणि त्यांच्यातला मला जाणवलेला दोष हा एका कंपनीपेक्षा त्या प्रकारच्या क्रीमचा आहे असे माझे मत झाले आहे.

आधी गारव्याविषयी थोडे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. मेंथॉल त्वचेचे तापमान उतरवत नाही. आपल्या त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर थंडी ओळखणारे एक प्रथिन असते, ज्याचे शास्त्रीय नाव टीआरपीएम८ आहे. साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खाली ते जागे होते आणि मेंदूला ‘गार’ अशी वर्दी देते. मेंथॉल हा उंबरठा वर सरकवतो, म्हणून त्वचा नेहमीच्या बत्तीस-तेहतीस अंशांवर असतानाच ती वर्दी जाऊ लागते. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापौटियन या दोन शास्त्रज्ञांनी आपापल्या प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे हे प्रथिन ओळखले, आणि उष्णता व स्पर्श जाणवून देणाऱ्या ग्राहींवरच्या कामासाठी दोघांना मिळून २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दाढी करणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट एवढीच की क्रीमचा गारवा ही त्वचेला दिलेली एक बातमी आहे, आणि पात्याखाली फेस पुरेसा आहे की नाही याच्याशी त्या बातमीचा काडीचाही संबंध नाही. माझा सगळा निर्णय शेवटी याच एका मुद्द्यावर झाला.

गारवा एवढीच कसोटी लावली, तर आपल्याकडची ट्यूब निःसंशय पुढे आहे. ब्रशवर बदामाएवढे क्रीम घेऊन दोन-चार वेटोळी फिरवली की गाल, कल्ले आणि हनुवटी अशी झिणझिणतात की एप्रिलच्या सकाळीही वर पंखा नको वाटावा. फेस पटकन होतो, भरपूर होतो आणि डोळ्यांना छान दिसतो. ट्यूब कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि महिनाभर वापरून आवडली नाही तरी खिशाला चटका बसत नाही. हे सगळे गुण खरे आहेत आणि पहिली दोन वर्षे मी त्यांच्यावर खूश होतो.

मन फिरले ते मे महिन्यातल्या एका सकाळी. आमच्याकडे नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि मधल्या दिवशी टाकीत बोरिंगचे पाणी चढवावे लागते. तो बोरिंगचा दिवस होता. उजवा गाल आणि गळ्याची उजवी बाजू करून झाली होती, डावीकडे फेस लावलेला होता, इतक्यात दूधवाल्याने हाक मारली म्हणून मी दारापर्यंत जाऊन आलो. फार तर दोन मिनिटे गेली असतील. आरशात पाहिले तेव्हा डाव्या गालावरचा फेस बसला होता. भिंतीला चुन्याचा पातळ हात दिला की जशी साय धरते तसा एक निस्तेज पापुद्रा उरला होता आणि त्यातून खुंट वर डोकावत होते. पण त्वचा गारच होती, उजव्या बाजूइतकीच किंवा कांकणभर जास्त. त्या गारव्यामुळे मला वाटले की अजून सगळे ठीक आहे, आणि ब्रश पुन्हा न फिरवता मी रेझर चालवला. जबड्याच्या हाडाखाली पाते सरकण्याऐवजी खरवडत गेले. ते त्याच क्षणी जाणवले नाही, पाण्याने तोंड धुतल्यावरही जाणवले नाही. तुरटी फिरवली तेव्हा मात्र तिथे अशी आग झाली की हात आपोआप मागे आला. पुढचे तीन दिवस शर्टाची कॉलर त्या जागी टोचत होती.

एका सकाळच्या अनुभवावरून मत बनवणे बरे नाही, म्हणून पुढचे काही आठवडे मी मुद्दाम लक्ष ठेवले. साधे क्रीम वापरताना फेस सुकू लागला की त्वचा ओढल्यासारखी होते आणि आपण आपसूक ब्रशकडे वळतो. जास्त मेंथॉलच्या क्रीममध्ये ही ओढ गारव्याखाली दडते. फेस संपतो, गारवा मात्र पाच-सात मिनिटे मागे रेंगाळतो, आणि त्या मधल्या वेळात पाते कोरड्या त्वचेवर चालते. तेव्हापासून मी तुरटीला परीक्षक मानत आलो आहे. दाढी झाल्यावर ओली तुरटी सावकाश फिरवावी आणि कुठे चुरचुरते ते लक्षात ठेवावे. माझ्या बाबतीत आपल्याकडच्या थंड ट्यूबने केलेल्या दाढीनंतर, विशेषतः बोरिंगच्या दिवशी, गळ्यावर दोन-तीन ठिकाणी हटकून चुरचुरत असे. ही काही शास्त्रीय मोजणी नव्हे, पण माझ्यापुरती ती पुरेशी आहे.

हिरवे प्रोरासो हे १९०८ साली फ्लॉरेन्समध्ये सुरू झालेल्या एका कौटुंबिक व्यवसायाचे क्रीम आहे. इटलीतल्या न्हाव्यांच्या दुकानांत ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. त्यात मेंथॉल आहे आणि नीलगिरीचे तेलही आहे. पहिल्यांदा लावाल तेव्हा कदाचित थोडी निराशा होईल, कारण गारवा मंद आहे. तो झिणझिणत नाही. सकाळी गच्चीवर वाऱ्याची झुळूक लागावी तसा हळूहळू जाणवतो, आणि तोंडावर गार पाण्याचा हबका मारला की मग खुलतो. हे कोणत्याही मेंथॉलच्या क्रीमबाबत खरे आहे. कोमट पाण्याने त्याचा गारवा दबतो, गार पाण्याने आणि पंख्याच्या वाऱ्याने वाढतो. म्हणून ज्यांना प्रोरासोचा गारवा कमी वाटतो त्यांनी शेवटचे धुणे माठातल्या पाण्याने करून पाहावे.

माझ्या दृष्टीने खरा फरक फेसात आहे. आपल्याकडच्या ट्यूबचा फेस मोठ्या बुडबुड्यांचा आणि हलका होत असे, तर याचा फेस दाट, बारीक आणि ओलसर होतो. दाढीच्या क्रीममध्ये मुळात स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल यांचा पोटॅशियमच्या क्षाराने केलेला मऊ साबण असतो. खोबरेलाचा भाग फेस पटकन वर आणतो, स्टिअरिक आम्लाचा भाग त्याला दाटपणा आणि टिकाऊपणा देतो, आणि ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. कोणत्या कंपनीने काय प्रमाण ठेवले आहे ते ट्यूबवर छापलेले नसते, पण गालावर ते कळते. बोरिंगच्या दिवशीही, पंखा चालू असतानाही, प्रोरासोचा फेस दोन्ही गाल आणि गळा होईपर्यंत ओला राहतो. मी मुद्दाम डावी बाजू तशीच ठेवून चहा गाळून आलो आहे आणि परत आल्यावर रेझर चालवला आहे. तुरटीने काही तक्रार केली नाही.

पाण्याचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण इंदुरात तो टाळून चालत नाही. नर्मदेचे पाणी शहरात १९७८ साली आले. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि विंध्याचा चढ पार करून ते पंपाने वर आणले जाते. माळव्याच्या काळ्या खडकातून उपसलेले बोरिंगचे पाणी त्या मानाने बरेच जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा साका करतात. बादलीच्या कडेला दिसणारा पांढरट थर तो हाच. म्हणजे ब्रशवर घेतलेल्या क्रीमचा पहिला वाटा पाण्यालाच जातो आणि चेहऱ्याच्या वाट्याला उरलेला भाग येतो. हे प्रोरासोलाही लागू आहे, कारण तेही शेवटी साबणच आहे. बोरिंगच्या दिवशी मला ते जवळजवळ दीडपट घ्यावे लागते. दोन्ही क्रीमना उपकारक असा सोपा उपाय म्हणजे आदल्या दिवशीचे नर्मदेचे पाणी तांब्याभर बाजूला ठेवणे, किंवा घरातल्या आरओचे वाटीभर पाणी फक्त ब्रश भिजवायला आणि फेस करायला घेणे. धुणे खुशाल बोरिंगच्या पाण्याने करावे. एवढे केल्यावर आपल्याकडच्या ट्यूबचा फेसही बराच सुधारतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र तिचा सुकण्याचा वेग माझ्या हाताच्या वेगापेक्षा जास्तच राहिला. ज्यांचा हात भराभर चालतो, जे रेझरचा एकच हात फिरवून मोकळे होतात, त्यांना ही अडचण येणारही नाही. माझ्या गळ्यावरचे केस आडवे वाढतात, मला दोन हात लागतात, कधी हनुवटीखाली तिसराही, आणि दर हातापूर्वी नव्याने फेस लावला तरी तो शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला हवा असतो.

तिसऱ्या पर्यायाविषयी थोडक्यात. सियागंज बाजारातल्या पंसाऱ्याकडून पुदिन्याचे फूल आणून साध्या लिंबाच्या क्रीममध्ये मिसळले की हवा तेवढा गारवा मिळेल, अशी माझी कल्पना होती. कापूर आणि ओव्याचे फूल यांच्याबरोबर हेच खडे एका बाटलीत ठेवले की ते विरघळून अमृतधारा होते, हे आपण घरोघरी पाहिलेले आहे, त्यामुळे ते काही अनोळखी द्रव्य नव्हे. पण मेंथॉल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि साधारण ४२ अंशांना वितळतो. मी गरम पाण्याच्या वाटीत दोन खडे टाकून ब्रश बुडवला, तेव्हा वाफेबरोबर तो थेट डोळ्यांत गेला आणि दहा मिनिटे मला आरसा दिसेना. तेलात विरघळवावा तर तेलाने फेस बसतो. प्रमाण हाताशी येत नाही, एक दिवस काहीच जाणवत नाही तर दुसऱ्या दिवशी ओठांवरची त्वचा भाजल्यासारखी होते. हा मार्ग मी कोणालाही सुचवणार नाही.

प्रोरासोविरुद्ध जाणाऱ्या दोन गोष्टी सांगणे न्यायाचे होईल. पहिली किंमत. दर ग्रॅमला ते आपल्याकडच्या ट्यूबच्या कितीतरी पट पडते, आणि १५० मिलिलिटरची मोठी ट्यूब एकदम घ्यावी लागते म्हणून सुरुवातीला ते अंगावर येते. माझी एक ट्यूब, एक दिवसाआड दाढी आणि कंजूषपणा न करता, साधारण उन्हाळा संपून पाऊस स्थिरावेपर्यंत पुरते, त्यामुळे महिन्याचा हिशेब मांडला तर ती तितकी महाग वाटत नाही. दुसरी गोष्ट वासाची. नीलगिरीचा वास आमच्या घरात सर्दीच्या मलमाशी जोडला गेलेला आहे. पहिल्या आठवड्यात पत्नीने दोनदा विचारले की पडसे झाले आहे का. तो वास अर्ध्या तासात उडून जातो, पण ज्यांना दाढीनंतर अत्तर लावायचे असते त्यांनी हे लक्षात घ्यावे. ज्यांची त्वचा नाजूक आहे, मेंथॉलने लाल होते, त्यांनी दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. साधे क्रीम आणि माठाचे पाणी त्यांना अधिक मानवेल.

ज्याला महिन्याभरापुरता प्रयोग करायचा आहे, ज्याचा हात चपळ आहे आणि ज्याच्या नळाला रोज गोडे पाणी येते, त्याने आपल्याकडची ट्यूब घ्यायला माझी ना नाही. ज्याला माझ्यासारखे दोन हात फिरवावे लागतात आणि मध्येच दारापर्यंत जावे लागते, त्याने यंदा जरा जास्त खर्च करून हिरवी ट्यूब मागवावी, असे मला वाटते. पहिल्या दिवशी गारवा कमी वाटला तरी आठवडाभर धीर धरावा आणि रोज तुरटी फिरवून गळ्याकडे लक्ष ठेवावे.

डिसेंबर-जानेवारीत मी कोणतेही थंड क्रीम हातात धरत नाही, पहाटेचे टाकीतले पाणीच तेव्हा पुरेसे बोचते. मागच्या वर्षीची आपल्याकडची अर्धी ट्यूब मात्र टाकून दिलेली नाही. नर्मदेचा दिवस असेल, रविवार असेल आणि फक्त गाल व कल्ले साफ करायचे असतील, तेव्हा ती काढतो, गळ्याला लावत नाही आणि रेझर हातात घेण्यापूर्वी ब्रश पुन्हा एकदा ओला करून घेतो.