सोयाबीन तेलाचा ट्रान्सफॉर्मर, तीन पावसाळ्यांनंतर

हर्णैजवळ आमचा बर्फाचा छोटा कारखाना, 11 केव्हीवर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. जुन्यात साधं मिनरल ऑइल, म्हणजे खनिज तेलापासूनचं, होतं आणि दर जुलैत तेच नाटक, ब्रीदरमधली (टाकी जिथून हवा घेते त्या नळीतली) सिलिका जेल ओल पिऊन आठ दिवसांत निळ्याची गुलाबी, मग तेलातलं पाणी काढायला फिल्टर मशीनवाल्याच्या मागे लागा, वर गास्केटमधून गळती, खाली जांभा म्हणजे चाळणच, आणि पंधरा पावलांवर विहीर. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला त्या दिवशी आईने ती विहीरच बंद केली. म्हणून नवीन घेताना नॅचरल एस्टरवाला घेतला, म्हणजे सोयाबीनपासून केलेलं तेल, आयएस 16659 या भारतीय मानकातलं, सांडलं तरी मातीत कुजून जातं.

टाकी सीलबंद, ब्रीदरच नाही, जेलची कटकट संपली. सीलबंद का तर हे तेल हवेला लागलं की खराब होतं. व्हॉल्व्हवरचे थेंब पुसायचे राहिले ना, तर तव्याच्या कडेला जमतं तसं चिकट बसतं, घासून हात दुखतात.

गंमत झाली सॅम्पलची. लॅबमधल्या पोराचा फोन, तेलात पाणी 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90) आलंय, ताबडतोब फिल्टर करा! अरे बाबा, मिनरल ऑइल साध्या तापमानाला 60 पीपीएमच्या आसपासच भरून जातं, हे हजाराच्या घरात पाणी विरघळवून घेतं, नवीन तेलालाच 200 पर्यंत चालतं. उलट वाइंडिंगच्या, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळ्यांवरच्या, कागदातलं पाणी ते ओढून घेतं म्हणून कागद जास्त टिकतो. बीडीव्ही, म्हणजे तेल किती व्होल्टेजपर्यंत तग धरतं तो आकडा, तर झकास होता.

आणि आग. साधं तेल 160-170 अंशाला पेट घेतं, हे 350 च्या वर. शेजारी अमोनियाची कॉम्प्रेसर रूम असलेल्या माणसाला हे विचारा.

महाग आहे, ते आहेच. तेल जाडही असतं, त्यामुळे कूलिंग त्या हिशेबाने केलेलं आहे का ते ऑर्डर देतानाच विचारून घ्या.

विकणाऱ्याच्या सर्व्हिसला मात्र शून्य मार्क. टॉप-अपला माणूस आला तो मिनरलचा डबा घेऊन, म्हणे मिसळतं ओ काका. मिसळतं रे, पण मग पेट घ्यायचं तापमान खाली येतं, मी जास्तीचे पैसे कशाला मोजले? परत पाठवला. आता योग्य तेलाचा सीलबंद कॅन मीच आणून ठेवलाय, वर मोठ्या अक्षरात ‘खायचं नाही’ लिहिलंय, कारण आमच्या एका कामगाराने बांगडे तळायला अर्धा लिटर मागितलं होतं.