मनसरजवळचं कोअर ड्रिलिंग: कोअर झकास, आवराआवर भिकार

मँगनीजच्या शोधासाठी रामटेक तालुक्यात चार होल मारून कोअर, म्हणजे खडकाचे दंडगोल नमुने, काढून घेतले. ठेकेदार नागपूरचाच, खाली तक्रार आहे म्हणून नाव लिहीत नाही.

ड्रिलर मात्र हाडाचा. वरची काळी माती आणि मुरूम ढासळतो, म्हणून पक्का खडक लागेपर्यंत केसिंग, म्हणजे आधाराचा पाइप, उतरवलं, मगच एनक्यू मापाचं बिट (खडक कापणारं टोक) लावलं. त्याचा कोअर ४७.६ मिमीचा. अभ्रकाचा शिस्ट हा पापुद्र्यांचा खडक भुसभुशीत, पाणी जास्त सोडलं की कोअर वाहूनच जातो. यानं न सांगता पंपाचा दाब उतरवला आणि दीड-दीड मीटरनंच नळी वर काढली. गोंडाइट, म्हणजे मँगनीजवाला खडक, लागला तेव्हा बिटचा आवाज पालटला, घरघरीची किरकिर झाली. ‘साहेब, या लवकर!’ चहा तसाच टाकून धावलो. पेटीत काळे, जड तुकडे ओळीनं, प्रत्येक रनच्या (नळीच्या एका खेपेच्या) शेवटी खोली लिहिलेला लाकडी ठोकळा. असं नीट काम हल्ली बघायला मिळत नाही.

पण होल संपलं की यांचं लक्ष उडतं. तिसऱ्या होलात स्वच्छ पाणी फिरवून गाळ काढलाच नाही, केसिंग ओढायला घेतलं, ते अडकलं. दोन दिवस गेले. वर ड्रिलिंगला वापरलेल्या बेंटोनाइट मातीच्या चिखलाचा खड्डा उघडाच. शेतमालकाचा फोन, ‘भाऊ, माही म्हैस फसली तं कोन काढन?’

होल सिमेंटनं बुजवून खड्डा भरेपर्यंत शेवटचं बिल अडवून ठेवलं, तेव्हा कुठे जेसीबी आला.