युती बघून मत की उमेदवार बघून?

युती बघून मत द्यायचं तर पहिली गोची मशीनवरच होते, जागा मित्रपक्षाला सुटली की आपलं नेहमीचं चिन्हच नसतं, मग कट्टर धनुष्यबाणवाला नाइलाजाने कमळ दाबतो. आणि एवढं करून गॅरंटी काय? २०१९ ला भाजप १०५, सेना ५६, म्हणजे २८८ मध्ये आरामात बहुमत, तरी मुख्यमंत्रीपदावरून फाटलं आणि नोव्हेंबरात उद्धव ठाकरे काँग्रेस-राष्ट्रवादीसोबत मुख्यमंत्री!

उमेदवार बघून दिलं तर निदान रस्ता-पाण्यासाठी कुणाला धरायचं ते कळतं. पण तोही, २०२२ ला शिंदेंसोबत सेनेचे आमदार बंड करून गेले तसा, गुवाहाटीला जाऊ शकतोच की 😄 तरी मी उमेदवारच बघतो, विधानसभेला तरी. लोकसभेला मात्र युतीच, तिथे दिल्लीत सरकार कुणाचं हाच प्रश्न असतो.